खडवलीची भाची

अहो,

‘प्रिय’ लिहीत नाही. आज तुम्ही मला अजिबात प्रिय वगैरे नाही आहात. वैताग आणलाय तुम्ही, जाऊनसुद्धा!

लग्नानंतर मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. सवड कुठे होती? तुम्ही वागळे इस्टेटला शिफ्टवर, मी हॉस्पिटलात ड्युटीवर. काय बोलायचं ते संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता बोलून व्हायचं. बोलायचे मीच. तुम्ही पेपरातून मान वर न करता ‘हं’ म्हणायचात. आता ते ‘हं’सुद्धा नाही, म्हणून कागद घेऊन बसले.

आणि आजच का? आपला मिलिंद शीतलला घेऊन कॉलेजात गेलाय, ॲडमिशनचं काहीतरी राहिलंय म्हणे. घर रिकामं आहे. सकाळी इथे एक प्रकार घडला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. पण तो आधी सांगितला तर तुम्हाला चालायचं नाही. मध्येच उडी मारली की म्हणायचात, “शोभा, पहिल्यापासून सांग.” घ्या, पहिल्यापासून सांगते. आता ऐकून घ्यावंच लागेल, पेपर नाहीये हातात.

तुम्ही गेलात मार्चमध्ये. “छातीत जरा जड वाटतंय” म्हणालात आणि आयुष्य वॉर्डात काढलेल्या बायकोला हातपाय हलवायला पाच मिनिटंसुद्धा दिली नाहीत. त्याचा राग वेगळा आहे. त्याला हा कागद पुरायचा नाही. जलदान विधीला विहाराचा हॉल भरून माणसं बाहेर रस्त्यावर उभी होती. कंपनीतले आले, कोपरीतली आळीच्या आळी आली, तुमचे भुसावळचे भाचे-भाच्या रातोरात निघून आल्या. मी बसून होते. मला वाटलं, माणूस गेला पण सगळं नीट आवरून गेला. कुणाचं काही राहिलेलं नाही.

कसलं आवरून! महिना झाला असेल, दुपारी माझ्या मोबाइलवर फोन.

“मामी बोलताय का?”

मी म्हटलं राँग नंबर. ठेवला. पुन्हा वाजला. पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा पलीकडची बाई ओरडलीच, “अहो मामी, ठेवू नका ना! खडवलीहून बोलतेय, हॉस्टेलची वॉर्डन, राऊत बाई. शीतलच्या मामी ना तुम्ही?”

आता खडवलीची संस्था मला ठाऊक होती. तिथल्या एका मुलीच्या शिक्षणाचा खर्च तुम्ही उचललाय, तेही ठाऊक होतं. तुम्ही काही लपवलं नव्हतंत. मी म्हणायचे, आपल्या नात्यात काय गरजू पोरं कमी आहेत? तुम्ही म्हणायचात, “त्यांना आपण आहोत.” झालं. त्यापुढे ‘हं’. दर काही महिन्यांनी चिक्की घेऊन खडवलीला जायचात, उन्हानं लाल होऊन परत यायचात. मला कधी ‘चल’ म्हणाला नाहीत आणि मीही ‘येते’ म्हटलं नाही. पण मामी? मी त्या मुलीची मामी कधीपासून झाले?

राऊत बाई सांगत होत्या, “सर फोन उचलत नाहीत. शीतलची दहावीची परीक्षा संपली. आमच्याकडे दहावीपर्यंतच ठेवता येतं. सर म्हणालेले, पुढे ती ठाण्याला मामाकडेच राहील. पोरीनं बॅगसुद्धा भरून ठेवलीय. कधी येताय न्यायला?”

मी म्हटलं, “बाई, ते गेले.”

राऊत बाई म्हणाल्या, “अरे देवा! आता हिला कोण सांगणार?”

कोण म्हणजे? मीच! तुम्ही ठेवलेला प्रत्येक पसारा उचलायला मीच तर आहे.

मग त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि मी ऐकतच राहिले. त्यांच्या संस्थेची पद्धत अशी की वर्षातून एकदा कार्यक्रम होतो. ज्या मुलाचा खर्च जो करतो, त्याला त्या मुलानं स्टेजवर येऊन फूल द्यायचं, पाया पडायचं आणि माईकवर आभार मानायचे. शीतल तेव्हा तिसरीत. आई गेलेली, बाप कुठे निघून गेला कुणाला माहीत नाही, मुरबाडकडच्या गावात एक म्हातारी आजी तेवढी होती. पोरगी तुमच्यासमोर आली, फूल दिलं आणि वाकली. तुम्ही झटक्यात मागे सरकलात. तिला धरून उभं केलंत आणि म्हणालात, “मामाच्या पाया भाचीनं पडायचं नसतं. मामानं पडायचं असतं.” आणि स्टेजवर, एवढ्या लोकांसमोर, वाकून तिच्या पावलांना हात लावलात!

तुमच्या भुसावळकडची ती पद्धत मला माहितीय. सुट्टीत भाचे आले की तुम्ही आधी वाकायचात, मग पिशवी घ्यायचात. पण ते सख्ख्या बहिणीच्या पोरांपुढे! इथे पोरीनं डोळे मोठे करून विचारलं, “खरंच मामा? माझ्या आईचे भाऊ?”

आणि तुम्ही म्हणालात, “हो. लांबचा.”

अहो! ‘वाकू नकोस बाळ’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं ना! त्यासाठी लगेच मामा व्हायची काय गरज होती?

आणि तुम्ही! तुम्ही खोटं बोललात! सुषमाला बघायला डोंबिवलीची माणसं आलेली, आठवतंय? मुलाची आई कौतुकानं म्हणाली, मुलगी किती शांत आहे हो तुमची. आणि तुम्ही, मुलीचे सख्खे बाप, म्हणालात, “आत्ता शांत आहे. एरवी आईवर गेलीय.” ते लग्न जमलं ते त्या माणसांच्या चांगुलपणामुळे. तुमच्या बहिणीकडे जेवायला बसलो की मी आधीच तुमच्या पायावर पाय दाबून ठेवायचे, तरी तुम्ही सांगायचातच, रश्श्यात मीठ जास्त झालंय. मी हौसेनं नवी साडी नेसून विचारलं, कशी दिसते? तर म्हणे, “मागची बरी होती.” रोज सकाळी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे उभे राहून पंचशील म्हणायचात. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की तुमचा आवाज जरा वर चढायचा. मला ऐकू यावा म्हणूनच, कळायचं मला. आणि हा माणूस खडवलीत एका लेकराला वर्षानुवर्षं थाप मारत होता!

राऊत बाई म्हणाल्या, मी सरांना सांगितलेलं, असं करू नका, पोरं विसरत नाहीत. तुम्ही त्यांना काय म्हणालात? “मी तरी कुठे विसरणार आहे.” वा! मोठं उत्तर! आता मी बसलेय ना तुमचं न विसरलेलं निस्तरत.

त्या आजीचंही ऐकलं. ती एकदा नातीला भेटायला आली आणि नेमके तुम्ही तिथे. राऊत बाई म्हणाल्या, सरांचा चेहरा पांढराफटक पडलेला. आता म्हातारी सगळ्यांदेखत विचारणार, हा कोण बाबा? शीतल उड्या मारत सांगत होती, आजी, बघ मामा, आईचे भाऊ! म्हातारीनं तुमच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, “हां हां, पारूचा भाऊस. लांबचा हाय, पन हाय.” आणि तुमच्याकडून चिक्कीचा तुकडा मागून घेतला. पुढच्या वर्षी ती म्हातारीही गेली. म्हणजे पोरीला जगात उरला कोण? तर एक मामा. तोही बनावट!

मी मनाशी पक्कं ठरवून खडवलीला गेले. जाऊन सगळं खरं सांगायचं. शिक्षणाचं जे असेल ते चालू ठेवू म्हणायचं आणि यायचं. मामीबिमी नको. मिलिंद म्हणाला मी येतो, म्हटलं तू नको, तू रडशील.

मी फाटकातून आत शिरले तर ती धावतच आली. काटकुळी, दोन वेण्या, अगदी ओळखीच्या माणसाकडे यावं तशी. “मामी!” माझ्याजवळ थांबली आणि माझ्या मागे बघायला लागली. “मामा रिक्षाचे पैसे देतायत का?”

अहो, काय करू मी तुमचं?

वाईट बातमी घोळवायची नाही, हे मी वॉर्डात शिकलेय. तिला बाकावर बसवलं, हात धरला आणि सांगितलं. ती रडली नाही. विचारलं, “कधी?” मी सांगितलं. ती मनाशी काहीतरी जुळवत राहिली. म्हणाली, “माझा विज्ञानाचा पेपर होता तेव्हा.” मग म्हणाली, “जलदान झालं?”

“झालं.”

“सगळे आलेले? भाचे, भाच्या सगळ्या?”

“आलेल्या.”

“मग मला का नाही बोलावलंत, मामी?”

आता द्या उत्तर! तुम्ही द्या! विसरले म्हणू? पत्ता नव्हता म्हणू? भाचीला मामाच्या मातीला बोलावलं नाही, याला कुठलं कारण चालतं? तुमचं एक खोटं झाकायला मला दुसरं हवं होतं आणि ते काही तोंडातून निघेना. शेवटी खरं सांगितलं. सगळं. ते स्टेज, ते फूल, तुम्ही मागे सरकलात ते.

ती ऐकत होती. मग विचारलं, “मग ते माझे कोण?”

राऊत बाई बिचाऱ्या मदतीला आल्या, म्हणाल्या, “बाळा, ते तुझे दाते होते.”

तो शब्द ऐकल्यावर पोरीचा चेहरा बघवत नव्हता. उठून ती आत गेली. मी मागे गेले. तिनं खाटेखालून बॅग काढली आणि भरलेले कपडे एकेक करून पुन्हा ट्रंकेत ठेवायला लागली. अगदी नीट घड्या घालून. सगळे ठेवून झाल्यावर ट्रंक लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुम्ही निघा. तुमची गाडी चुकेल.”

बाहेर येऊन राऊत बाईंना विचारलं, आता हिचं काय? तर म्हणे, लांब दुसऱ्या जिल्ह्यात मोठ्या मुलींसाठी एक ठिकाण आहे, पण तिथे शिवणकाम शिकवतात. हिला तर नर्सिंगला जायचंय.

“नर्सिंग? हे कुठून सुचलं हिला?”

“तुमच्यामुळे ना, मामी. सर सांगायचे ना सारखं.”

काय सांगायचात हो तुम्ही? वॉर्डात घुसलेल्या नगरसेवकाच्या माणसांना मामीनं बाहेर काढलं, पेशंट झोपलाय म्हणून! मामी रडणाऱ्या पोराला इंजेक्शन देते आणि पोराला कळतसुद्धा नाही! मामीच्या हातची बोंबलाची चटणी एकदा खाल्ली की बाकी कुणाची तोंडात जात नाही! राऊत बाईंना सगळं पाठ होतं. मी तिथे फाटकात उन्हात उभी, छत्री उघडायचं विसरून.

अहो, मला कधी सांगितलंत हे? मला म्हणायचात, “तिखट जरा कमी घालत जा.” एवढंच!

घरी येऊन मी आधी तुमच्या फोटोची पाठ केली. खरंच, भिंतीकडे तोंड करून ठेवला. मला काहीतरी कुरतडायला लागलं होतं. मी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला तो एकाच गोष्टीसाठी, की हा माणूस गोड बोलत नाही पण खोटं बोलत नाही. आता तेही गेलं. त्या पोरीला खूश करायला तुम्ही मामा झालात, तर माझं कौतुकही तिला खूश करायलाच केलं असेल कशावरून नाही? चटणी खरंच आवडायची की नाही? आता विचारू कुणाला मी? गेलात की हो तुम्ही!

आणि मग ती गॅलरी आठवली. जायच्या आधी दोन महिने तुम्हाला काय खूळ लागलेलं, गॅलरीतला सगळा पसारा काढलात, काचा बसवल्यात, भिंतीला घडीचं टेबल ठोकलंत, वर दिवा. मी शंभरदा विचारलं, कुणासाठी? “लागेल,” म्हणायचात. खोटं बोलायला नको म्हणून अर्धंच बोलायचात. योग्य वेळ बघून मला सांगणार होतात ना? तुमची ती योग्य वेळ! चहा गार होईपर्यंत तुमची वेळ यायची नाही.

मी महिनाभर त्या गॅलरीत पाऊल टाकलं नाही. खडवलीला फोनही केला नाही. काय बोलणार होते?

रिझल्ट लागला त्या दिवशी तिचाच फोन आला.

“शीतल बोलतेय.” मामी नाही, काही नाही. “मी पास झाले. मार्क चांगले आहेत. त्यांनी सांगितलेलं, रिझल्ट लागला की पहिला फोन मला. त्यांचा बंद आहे, म्हणून तुम्हाला केला.”

मी म्हटलं, “शाब्बास गं.”

ती म्हणाली, “मला तुमचं घर बघायचंय. एकदाच. मग नाही त्रास देणार.”

राऊत बाई तिला घेऊन आल्या. दारात चपला काढून उभी राहिली. सरबत नको म्हणाली, बसायला नको म्हणाली. नजर सगळ्या घरभर. मला वाटलं पोरगी बावरलीय. कसली बावरलीय! तपासणीला आलेली ती.

“कपाटाच्या आरशाला चीर आहे?”

आहे. मिलिंदनं चेंडू मारलेला.

“बाथरूमचा नळ उलटा फिरतो?”

फिरतो. तुम्हीच बसवलाय ना, मग सरळ कसा फिरेल!

“ताईंच्या लग्नाच्या फोटोत त्यांचे डोळे मिटलेत?”

मी बोट दाखवलं. ती फोटोजवळ गेली, टाचा उंच करून बघितलं. मिटलेत. खिडकीत मांजर येतं का, त्याला सगळे साहेब म्हणतात का, खालच्या पिठाच्या गिरणीचा आवाज स्वयंपाकघरात येतो का... एकेक विचारत गेली आणि एकेक खरं निघत गेलं. तुम्ही आपलं अख्खं घर त्या पोरीला तोंडी देऊन ठेवलं होतंत. तिच्या धाकानं मीच तुमचा फोटो सरळ केला, कारण तो उलटा का, हे ती विचारणारच होती.

शेवटी गॅलरीत गेली. टेबलावर हात ठेवून म्हणाली, “हे माझं होतं?”

“असावं,” मी म्हटलं. “मला विचारून नाही लावलं.”

ती एकदम वळली, रागानं लाल झालेली. “सगळं खरं सांगायचे. मग तेवढंच का खोटं सांगितलं?”

“तू वाकलीस ते त्यांना बघवलं नसणार.”

“आणि मी त्यांना आवडायचे, ते? ते पण खोटंच असेल ना?”

अहो, तो माझाच प्रश्न होता. महिनाभर माझ्या डोक्यात फिरत असलेला, अगदी तसाच्या तसा. आणि समोर ही सोळा वर्षांची पोरगी, ओठ आवळून उत्तराची वाट बघतेय. मी वैतागले. तुमच्यावर, तिच्यावर, सगळ्यांवर. म्हटलं, “हे बघ शीतल, हा माणूस माझ्या साडीसाठी कधी खोटं बोलला नाही. पोटच्या मुलीचं लग्न मोडायला आलं तरी बोलला नाही. जन्मात एकदाच बोलला, ते तुझ्यासाठी. आता काय ते तूच समज!”

तेव्हा ती रडली. चांगली हुंदके देऊन, लहान पोरासारखी. आणि तिला जवळ घेता घेता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की बाकी सगळं खरं निघालं तर माझी चटणीही खरीच असणार. मग मीही रडले. राऊत बाई बिचाऱ्या दोघींना पाणी देत फिरत होत्या, माझ्याच घरात.

नाक पुसत ती म्हणाली, “एक मात्र जुळत नाही. ते म्हणायचे, मामी फार चिडते. तुम्ही तर चिडतच नाही.”

मी म्हटलं, “राहायला ये. मग बघ.”

झालं. बोलून बसले. तुमच्यासारखंच, विचार न करता! मिलिंदनं त्यानंतर काय पळापळ केली म्हणून सांगू. बालकल्याण समितीसमोर उभं राहणं, सह्या, पुन्हा सह्या. घर बघायला एक बाई आल्या, त्यांनी विचारलं, मुलीशी नातं काय? मी सांगितलं, नातं नाही, माझ्या मिस्टरांनी जोडलंय. त्यांनी काय लिहून घेतलं देव जाणे. पण परवानगी आली.

पंधरवडा झाला तिला येऊन. आणि अहो, घराचं नुसतं लग्नाचं कार्यालय झालं होतं! मी आपली, “घे ना बाळ, आवडतं का बाळ, अंथरूण टोचत नाही ना?” ती आपली, “हो, चालेल, थँक्यू.” सोफ्याच्या कडेला बसायची. पंखा लावू का विचारायची. माझ्या आधी उठून भांडी घासून मोकळी. मला हाक मारायची वेळ आली तर जवळ येऊन उभी राहायची आणि मी बघेपर्यंत वाट बघायची. मामी म्हणत नव्हती, दुसरं काही म्हणत नव्हती. मिलिंद म्हणाला, “आई, तू अशी गोड का बोलतेयस? मला भीती वाटते.” मला रोज वाटायचं, एके दिवशी ही बॅग भरेल आणि ‘त्रास दिला’ म्हणून निघून जाईल. अगदी नीट घड्या घालून.

तर आज सकाळी. कॉलेजची घाई. मी तिला म्हटलं, दुधाकडे बघ. मी बाहेर येते तर दूध सगळं शेगडीवर, गॅस विझलेला, बाईसाहेब आरशापुढे वेणी घालतायत, आणि ओला टॉवेल कुठे? माझ्या अंथरुणावर! पसरून!

माझा तोल गेला. पंधरा दिवसांचा राग साठलेला होता, सगळा बाहेर. “अगं डोळे कुठे होते तुझे? दूध काय तुझा मामा आणून देणारे का आता? आणि हा टॉवेल, हा काय वाळत घालायची जागा आहे? घर आहे का धर्मशाळा आहे ही!” आवाज खालच्या गिरणीपर्यंत गेला असेल.

आणि ती तिथूनच, दातात रिबीन धरून, तेवढ्याच जोरात ओरडली, “ओ मामी, उचलते ना! दोन मिनिटं थांबा की! सारखं काय!”

मिलिंद ब्रश तोंडात धरून दारात उभा.

ती घाबरली असेल असं मला वाटलं. पोहे झालेले, ताटली घेतली, वाढले. आणखी वाढले. वर आणखी एक डाव घातला, खोबरं घातलं. ती खाली बसली, ताटलीकडे बघितलं आणि हसायलाच लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

“काय झालं?”

“मामा म्हणायचे,” ती म्हणाली, “मामी चिडली की जास्त वाढते. आपण गप्प बसायचं आणि खायचं.”

असं आहे तर! एवढी वर्षं तुम्ही ‘हं’ म्हणून गप्प बसायचात ते यासाठी! आणि मी समजत होते की माझं बोलणं तुमच्या कानावरून जातंय. मी अजून त्याच विचारात आहे. म्हणून म्हटलं, आज पत्र लिहायलाच हवं.

तर आता ऐका, वचन देते तुम्हाला. तिच्या शिक्षणाची चिंता करू नका, ते मी आणि मिलिंद बघतो. नर्सिंगला जाईलच ती, आणि नाही अभ्यास केला तर माझ्याशी गाठ आहे. पण मुख्य वचन दुसरंच आहे. मी तिच्याशी पुन्हा गोड बोलणार नाही. गोड पाहुण्यांशी बोलतात, ते येतात आणि जातात. मी तिच्यावर चिडेन. रोज चिडेन, सुषमावर चिडायचे तशी, तुमच्यावर चिडायचे तशी. ती उलटून बोलली तर बोलू दे. आणि ताटली तिची मी कधी कमी भरणार नाही.

जिन्यात आवाज येतोय. आले वाटतं दोघं. त्या पोरीनं चपला पुन्हा दाराच्या मधोमध काढल्या असणार, बघतेच आता तिला.

तुमची,
शोभा
(शीतलची मामी)